पुतण्याची बिनपगारी चाकरी

गेल्या आषाढातील गोष्ट. रात्रीचा एक वाजून गेला होता, बाहेर साताऱ्याचा पाऊस धरून होता, आणि आम्ही पाणी पिण्यास उठलो तो माडीवरच्या खोलीत उजेड दिसला. हा उजेड घरात नवा नाही. आमचे धाकटे बंधू गेली तीन वर्षे त्याविषयी तक्रार करीत आले आहेत. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, पुण्याच्या एका कंपनीत नोकरीस आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून तो घरी बसूनच काम करतो. दिवसाचे नऊ तास कंपनीचे. त्याबद्दल कोणाचे काही म्हणणे नाही, कारण पगार दरमहा एक तारखेस जमा होतो. म्हणणे आहे ते रात्रीच्या तीन तासांबद्दल. ते काम कोणाचे, ते कोणी सांगितले आणि त्याचे काय मिळते, या तिन्ही प्रश्नांस पुतण्याचे उत्तर ठरलेले: "कोणाचे नाही, कोणी नाही, काही नाही."

बंधूंनी उभा जन्म सहकारी बँकेत काढलेला. जमेच्या बाजूस ज्याची नोंद होत नाही ते काम त्यांच्या लेखी व्यसनात जमा. दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर ते म्हणाले, "दादा, तुमचे तो ऐकतो. एकदा वर जाऊन बसा त्याच्याजवळ. एकोणतिसावे सरले, दोन ठिकाणची बोलणी 'मुलगा रात्र रात्र करतो काय' या प्रश्नावर अडली. लोकांना मी सांगू तरी काय?" भावजय दाराशी उभी होती. ती बोलली नाही, परंतु डोळे भरले होते. तेव्हा घरातील वडील या नात्याने आम्ही माडी चढलो. गेलो उपदेश करावयास, आणि पुढे महिना दीड महिना रोज रात्री जात राहिलो ते मात्र शिकावयास.

आमची योग्यता आधीच सांगून टाकतो. आमचे इंग्रजी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे. पुढे पाठशाळेत कौमुदी झाली आणि छत्तीस वर्षे हायस्कुलात संस्कृत व मराठी शिकविण्यात गेली. संगणकाशी आमचा संबंध विजेचे बिल भरण्यापुरता, आणि तेही सूनबाई शेजारी बसली असेल तर.

पुतण्याने सांगितले की तो ज्या भाषेची सेवा करतो तिचे नाव पायथन. पायथन म्हणजे अजगर, एवढे इंग्रजी आम्हांस येत होते. भाष्यकार पतंजलींना परंपरेने शेषाचा अवतार मानले आहे. तेव्हा व्याकरणाच्या पाठीशी पुन्हा एकदा सर्पच उभा राहिला, असा सांधा आमच्या मनाने तत्काळ जुळविला आणि आम्ही तो मोठ्या उत्साहाने बोलूनही दाखविला. पुतण्या हसला. ही भाषा गुइडो व्हान रॉसम नावाच्या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत अॅमस्टरडॅम येथील गणितसंस्थेत असताना करावयास घेतली, १९९१ च्या फेब्रुवारीत जगापुढे ठेवली, आणि नाव दिले ते मॉन्टी पायथन या इंग्रज विनोदी मंडळीवरून. सर्पाचा काही संबंध नाही. आमच्या शेषाचे असे झाले!

परंतु तिचा पहिलाच नियम ऐकून आमची निराशा पळाली. इतर पुष्कळ भाषांत वाक्यांचा गट कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे कंसांनी दाखवितात. येथे कंस नाही. आतल्या ओळी समासापासून किंचित आत सरकवून लिहावयाच्या. कोण कोणाच्या पोटात आहे हे त्या मोकळ्या जागेवरूनच यंत्र जाणते. ही जागा चार अक्षरांची असावी असा शिष्टसंप्रदाय आहे, आणि ओळ एकूणऐंशी अक्षरांपलीकडे नेऊ नये असाही. हे संप्रदाय २००१ साली लिहून ठेवलेले आहेत. छत्तीस वर्षे आम्ही मुलांना समास सोडा, समास सोडा, म्हणून ओरडलो आणि ती आमच्यामागे हसली. येथे जगभरचे लक्षावधी विद्वान निमूटपणे समास सोडतात. न सोडल्यास यंत्र पुढे वाचावयासच नकार देते. आमच्या हातून पहिल्या रात्री हाच प्रमाद तीनदा घडला, हेही लपवीत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास म्हणालो, तुझ्या भाषेस मराठी येते काय ते पाहू. 'मराठी' या शब्दात अक्षरे किती, असे त्याने विचारून दाखविले. उत्तर आले पाच. बालवर्गातले मूल तीन सांगेल. वैयाकरण वर्ण मोजील तर सहा सांगेल. हे पाच कोठून आले? पुतण्याने उलगडा केला. म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे यंत्राने मोजली. आम्ही म्हणालो की मग हे ना अक्षर ना वर्ण, हा तिसराच पंथ झाला. तो म्हणाला, "काका, ही तर सुधारणा आहे. जुन्या पायथनला विचारले असते तर पंधरा म्हणाली असती." जुन्या आवृत्तीत साधा शब्द म्हणजे अक्षरांची माळ नसून यंत्राच्या पोटातील बाइटांची माळ असे, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास रूढ साठवणीत असे तीन बाइट लागतात. इंग्रजांस हे कधी जाणवले नाही, कारण त्यांच्या एका अक्षरास एकच पुरतो.

हा दोष काढण्यासाठी आणि आणखी काही अपभ्रंश शुद्ध करण्यासाठी या मंडळींनी २००८ च्या डिसेंबरात तिसरी आवृत्ती काढली. ती अशी की, दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेले पुष्कळसे लेखन तिच्यापुढे अशुद्ध ठरले. मग जो कलह माजला तो दहा वर्षांहून अधिक काळ पुरला. ज्यांचे उद्योग जुन्या भाषेत चालत होते ते म्हणत, आमचे सर्व ग्रंथ पुन्हा कोण लिहिणार? नव्या पक्षाचे म्हणणे, आज कष्ट घेतले नाहीत तर जगातील निम्म्या लिप्या कायमच्या पोरक्या राहतील. जुनीचा सांभाळ २०१५ साली संपवावयाचा असे ठरले होते. लोक तयार नाहीत असे पाहून आणखी पाच वर्षे मुदत दिली, आणि १ जानेवारी २०२० पासून तिचा सांभाळ थांबविला. आम्ही यात तटस्थ राहू शकत नाही. आमच्या लिपीसाठी (अगदी तिच्याचसाठी नव्हे, तरी तिच्याही साठी) परक्या माणसांनी एवढा वाद सोसला हे ऐकून आम्हांस संकोच वाटला. आता तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात. बाहेरून आलेले '५' हे मराठी चिन्ह ती संख्या म्हणूनही ओळखते. मात्र खुद्द आज्ञावलीत कोणी '५' लिहिले तर तिला चालत नाही, तेथे इंग्रजी आकडाच पाहिजे. एवढा सोवळेपणा अजून उरला आहे.

संस्कृत शिकलेल्यास सर्वांत आनंद देणारी गोष्ट पुढेच आहे. या भाषेत कोणताही मोठा बदल करावयाचा तर सुधारणेचा प्रस्ताव लिहावा लागतो. २००० सालापासून ही चाल आहे. प्रस्तावात हेतू सांगावा, नियम सांगावा, उदाहरणे द्यावी, जुन्या लेखनावर काय आघात होईल ते सांगावे; आणि ज्या कल्पना विचारात घेऊन टाकून दिल्या, त्या का टाकल्या तेही लिहावे. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्यावाचून सिद्धान्तास किंमत नाही, हे आमच्या पाठशाळेतले शिस्तीचे वचन येथे जसेच्या तसे! शिवाय जो प्रस्ताव नाकारला जातो तोही फेकून देत नाहीत. 'नाकारला' असा शिक्का मारून क्रमांकासह ठेवतात, म्हणजे पुढच्याने तीच वाट पुन्हा चालू नये. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे, त्यांवर कात्यायनाची वार्त्तिके आणि त्या दोहोंवर पतंजलींचे भाष्य हा व्यवहार याहून फार निराळा नव्हता. पाणिनीचे नाव आम्ही भाबड्या अभिमानाने घेत आहो असे कोणास वाटू नये. संगणकभाषांचे व्याकरण मांडण्याची जी प्रसिद्ध रीत आहे तिला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना इंगरमन नावाच्या अमेरिकन पंडिताने १९६७ सालीच छापून केली होती. ती रूढ झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

आता कर्त्या पुरुषाची कथा. व्हान रॉसम यांस या मंडळींत थट्टेने 'तहहयात दयाळू हुकूमशहा' म्हणत. वाद कितीही चालो, अखेरचा शब्द त्यांचा. २०१८ साली एका चिन्हावरून वाद पेटला. विसर्गासारखे दोन ठिपके आणि त्यांपुढे बरोबरीची खूण, असे ते चिन्ह. आडवे धरले तर डोळे आणि सुळे दिसतात म्हणून त्यास वॉलरस म्हणतात. त्याने एखादी ओळ वाचते, इतकाच लाभ. अर्धी मात्रा वाचली तर पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या आमच्या वैयाकरणांनी त्याचे स्वागतच केले असते. परंतु या भाषेची ख्याती सुबोधपणाबद्दल, आणि विरोधकांस वाटले की या चिन्हाने ती गढूळ होईल. शब्द वाढले, शब्दांना धार आली. व्हान रॉसम यांनी प्रस्ताव मान्य केला, आणि लगेच १२ जुलै २०१८ रोजी लिहून कळविले की आपण या पदावरून निवृत्त होत आहो. एका प्रस्तावासाठी इतके झगडावे आणि शेवटी इतक्या जणांचा रोष पत्करावा, हे पुन्हा नको. त्यांनी वारस नेमला नाही. पुढची व्यवस्था तुमची तुम्ही ठरवा, एवढेच सांगितले.

हे ऐकताना आम्ही काही वेळ गप्प बसलो. एकत्र कुटुंब चालविलेल्या माणसास यातले दुःख समजावून सांगावे लागत नाही. आमच्या वडिलांनी वाड्याच्या वाटणीच्या वेळी असेच एके दिवशी किल्ल्यांचा जुडगा देवापुढे ठेवला आणि ओसरीवर जाऊन बसले. त्यानंतर आम्हां भावांत सहा महिने कोणी कोणाशी धड बोलले नाही. यांनी मात्र सहा महिन्यांत घर सावरले! अनेक घटना लिहिल्या, त्यांवर मते घेतली, आणि पाच जणांची समिती निवडली. तिला निवडतात ते भाषेचे मुख्य कारागीरच. आणि एकाच मालकाचे दोहोंपेक्षा अधिक नोकर तीत असू नयेत असा निर्बंध आहे. बंधूंस हे सांगितले तेव्हा बँकेच्या संचालक मंडळांची आठवण होऊन त्यांनी प्रथमच मान डोलविली. २०१९ च्या पहिल्या पंचांत व्हान रॉसम स्वतः एक होते. पुढील खेपेस त्यांनी तेही पद घेतले नाही.

सर्व गोड आहे असे मात्र नव्हे. या भाषेच्या वृत्तीचे सार टिम पीटर्स नावाच्या एका जुन्या कारागिराने एकोणीस लहान वाक्यांत सांगितले आहे. वीस म्हणून विसावे रिकामे ठेवले, ही त्याची गंमत. ती वाक्ये भाषेच्या पोटातच ठेवलेली आहेत. या सूत्रकारालाच २०२४ च्या ऑगस्टात वर्तनाचे नियम मोडल्याच्या ठपक्यावरून तीन महिने मंडळीबाहेर राहावे लागले, आणि त्यावरून पुन्हा दोन तट पडले. आमचा कल नियमापेक्षा वृद्धाच्या बाजूस झुकतो. पुतण्याचे मत दोन्ही बाजूंचे होते आणि ते त्याने सांगितले नाही.

असो. ज्या रात्रीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती आता सांगतो. पुतण्याने एका लायब्ररीसाठी, म्हणजे तयार आज्ञावल्यांच्या एका सार्वजनिक संग्रहासाठी, आठ महिने खपून देवनागरीची अक्षरे अक्षरांप्रमाणे मोजण्याची सोय रचली होती. मराठीत तीन असली तर तीनच यावी. श्रावणाच्या सुरुवातीस तिचा निकाल लागला: नको. काम चांगले आहे, परंतु पुढे त्याची दुरुस्ती करीत बसणारा माणूस आमच्यापाशी नाही, असे संग्रहाच्या सांभाळकर्त्याने सभ्यपणे लिहिले होते. त्याखाली आणखी कोणी एकाने, भाषा धड येत नसता अशी ओझी आणून टाकू नयेत, अशा अर्थाचे एक वाक्य लिहिले. ते वाक्य थोड्याच वेळात सांभाळकर्त्यांनी काढून टाकले आणि क्षमाही मागितली. परंतु वाचावयाचे त्याने वाचले होते. दोन दिवस तो नीट जेवला नाही. माडीवरचा उजेड गेला. बंधूंस बरे वाटले असावे असे आम्हांस वाटले होते, परंतु दुसऱ्या रात्री तेच आमच्या खोलीशी येऊन म्हणाले, "दादा, आज दिवा नाही हो वर."

आम्हांस झोप आली नाही, आणि कारण निराळे होते. आमच्या आठवीच्या वर्गात जावळी खोऱ्यातला एक मुलगा होता. पावसावर निबंध लिहा म्हटले तर त्याने सहा पाने लिहिली. आपल्या घरच्या बोलीत, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. आम्ही लाल शाईने सारी पाने रंगविली आणि खाली लिहिले, 'शुद्ध लिहिता येत नसेल तर लिहू नये.' वर्गात वाचूनही दाखविले. त्यानंतर शाळा सुटेपर्यंत त्या मुलाने निबंधाचा प्रश्न कोरा सोडला. आज त्याचे वाण्याचे दुकान आहे. आम्ही गेलो तर गल्ल्यावरून उठून पाया पडतो, आणि गुरुजींमुळे माझे अक्षर सुधारले असे गिऱ्हाइकांस सांगतो. अक्षर खरोखर सुंदर आहे. त्या अक्षरात तो फक्त हिशेब लिहितो. पावसाच्या सहा पानांत काय होते ते आम्हांस आता आठवत नाही. चुका किती होत्या ते आठवते, चौऱ्याऐंशी.

हे आम्ही आजवर घरात कोणास सांगितले नव्हते. तिसऱ्या रात्री माडीवर अंधारात बसून पुतण्यास सांगितले. तो काही बोलला नाही. चौथ्या रात्री दिवा लागला.

आम्ही वर गेलो तेव्हा तो स्वतःचे काम करीत नव्हता. कोणा नवशिक्याने धाडलेली दुरुस्ती तपासीत होता. आमच्यासारख्यासही दिसाव्या इतक्या तीत चुका होत्या. समास सुद्धा धड नव्हता. पुतण्याने आधी आभार लिहिले, दोष कोठे सापडला हे त्याने नीट हेरले म्हणून कौतुक लिहिले, आणि मग एकच चूक दाखवून ती कशी सुधारावी ते लिहिले. आम्ही विचारले, "अरे, इतक्या असताना एकच का?" तो म्हणाला, "बाकीच्या दाखवायला तो उद्या परत यायला हवा ना, काका." आम्ही खाली उतरलो ते थेट देवघरात जाऊन बसलो.

बंधूंचा प्रश्न शिल्लक आहेच, आणि तो गैर नाही. या फुकट कष्टांवर ज्या मोठमोठ्या कंपन्या गबर झाल्या त्या परतफेड किती करतात? काही कारागिरांस पगार देतात, २००१ साली स्थापन झालेल्या पायथनच्या प्रतिष्ठानास देणग्या देतात. परंतु रात्री जागणारे बहुतेक आपल्याच खर्चाने जागतात. यावर पुतण्याजवळ उत्तर नाही आणि आमच्याजवळही नाही. आम्ही बंधूंस इतकेच सांगितले की आपल्या आजोबांनी गावच्या पाठशाळेत वीस वर्षे फुकट शिकविले, तेव्हा त्यांस व्यसनी कोणी म्हटले नाही. ते म्हणाले, "आजोबांना शेत होते, दादा." हेही खरेच. मुंबईच्या आय.आय.टी.तील फॉसी या उपक्रमाची माहिती आम्ही त्यांस दिली. तेथे सरकारी साह्याने अशाच मुक्त आज्ञावल्यांचा शिक्षणात प्रसार करतात. तिथल्याच दुसऱ्या एका उपक्रमाचे बोलके पाठ मराठीतही आहेत. आपल्या देशात या भाषेच्या मंडळींचे संमेलन २००९ साली बंगळूरास प्रथम भरले, तेव्हापासून ते भरत आले आहे, हेही सांगितले. त्यांनी विचारले, "जेवणाखाण्याची व्यवस्था असते?" असते असे कळल्यावर पुढे बोलले नाहीत. जी बोलणी सध्या एका ठिकाणी चालू आहेत, तेथे मुलगा रात्री काय करतो या प्रश्नास भावजयीने स्वतः उत्तर दिले. काय दिले ते ती सांगत नाही.

या भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात निघते, आपल्या दिवाळी अंकांच्या सुमारास. गेल्या पंधरवड्यात तिच्या माहितीपुस्तिकेचे एक पान चाळताना आमच्या जुन्या डोळ्यांस एका वाक्यात एकच शब्द लागोपाठ दोनदा पडलेला दिसला. छत्तीस वर्षांचा लाल शाईचा हात शिवशिवला. पुतण्याने आमचे नावे खाते उघडून दिले, करारपत्र वाचून दाखविले (आपले लिखाण वापरण्याची परवानगी प्रतिष्ठानास देत आहो, असे त्यात होते), आणि आम्ही ते मान्य करून एक शब्द खोडला. खोडण्याचे कारण दोन ओळींत लिहावयाचे असते. आम्ही ते चार वेळा लिहिले आणि प्रत्येक वेळी त्यातून थोडा तिखटपणा काढला.

त्यास आता आठ दिवस झाले. पूजा आटोपली की आम्ही रोज पाहतो. काल ताटावर बसताना बंधूंनीच विचारले, "दादा, तुमच्या त्या शब्दाचे काय झाले?" अजून कोणी पाहिला नाही, असे आम्ही सांगितले. ते म्हणाले, "आठ दिवस? एका शब्दाला? आमच्या बँकेत सुद्धा इतका वेळ लागत नसे."